स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळताना आपलं बीपी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतल्या बहुतेकांचं सगळं घरीच होतं. ते करणारी बायको, सून, मुलगी किंवा मुलगा रुग्णाच्या गोळ्या तोंडपाठ सांगतात. स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे मात्र त्यांना आठवत नाही.

गैरसमज १: मला काही त्रास नाही, म्हणजे बीपी ठीक आहे.
वस्तुस्थिती: वाढलेलं बीपी बहुधा जाणवतच नाही. त्यामुळे ते मोजायलाच हवं. रुग्णाला आंघोळ घालून दमल्यावर लगेच नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पावलं जमिनीवर ठेवा, दंड छातीच्या पातळीत असू द्या. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून आकडे लिहून ठेवा. घरी मोजलेलं बीपी वेगवेगळ्या दिवशी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना भेटा.

गैरसमज २: हे टेन्शनचं बीपी आहे, आपोआप उतरेल.
वस्तुस्थिती: संध्याकाळी आई चिडली, घराबाहेर निघाली, की आपलं बीपी तात्पुरतं चढतं, हे खरं. पण हा आजार वर्षानुवर्षं चालतो. एरवी रात्री झोपेत बीपी उतरतं. रोजच्या जागरणाने तो उतार कमी होतो. त्यात चालणं सुटतं, जेवण अवेळी होतं. मग चढलेलं बीपी तिथेच मुक्काम करतं.

गैरसमज ३: बरं वाटलं की गोळी बंद केली तरी चालते.
वस्तुस्थिती: बीपी आटोक्यात दिसतं ते गोळीमुळेच. परस्पर बंद केली, तर पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढतो. शिवाय मध्यमवयातला उच्च रक्तदाब पुढे स्मृतिभ्रंशाचाही धोका वाढवतो. ज्या आजाराशी आज घर झुंजतंय, त्यापासून स्वतःला जपण्याचा हाही एक मार्ग आहे.

गैरसमज ४: सैंधव चालतं, आणि पाठदुखीच्या गोळीने काय होणार?
वस्तुस्थिती: सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. दिवसभराचं मीठ, पापड-लोणचं-फरसाण धरून, ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याच्या आत हवं. रुग्णाला उचलून कंबर धरली म्हणून अनेक जण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेत राहतात. या गोळ्यांनीही बीपी वाढू शकतं. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गैरसमज ५: स्वतःसाठी वेळ काढणं म्हणजे कर्तव्यात कसूर.
वस्तुस्थिती: आजारी किंवा परावलंबी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांचा एक अमेरिकी अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, असं काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळलं. ताण न जाणवणाऱ्यांमध्ये अशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे जीवावर बेततो तो ताण, आणि तो वाटून घेता येतो. भावंडांना नुसतं “जरा मदत करा” म्हणू नका. “रविवारी सकाळी ९ ते १ बाबांजवळ तू थांब” असं नेमकं सांगा. त्या वेळात चाला, झोप पुरी करा. मन फारच खचलं, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर मोफत फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं.

आणि रुग्णाच्या फाइलमध्ये आपल्या बीपीच्या आकड्यांचंही एक पान लावा. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे तेही ठेवा.