टाकीत इंधन, इंजिन बंद

सेसना-152 या दोन आसनी प्रशिक्षण विमानाच्या पंखांतल्या टाक्यांत वापरण्याजोगे इंधन सुमारे 93 लिटर असते. इंजिन तासाला साधारण 22 लिटर पिते. अहिल्यानगरमधल्या सावेडीहून बारामतीचा विमानतळ सरळ रेषेत 100 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळाचे, 12-13 लिटरचे उड्डाण. हिशेब इतका सोपा असूनही चुकतो, हेच गंभीर आहे. समोरचा वारा, चुकलेली वाट यांनी शिल्लक झपाट्याने आटते.

अमेरिकेत 2011 ते 2015 या काळात इंधनाच्या गैरव्यवस्थापनामुळे वर्षाला सरासरी 50 हून अधिक अपघात झाले. निम्म्याहून अधिक वेळा टाक्या खरोखर रिकाम्या झाल्या होत्या. पण बऱ्याच अपघातांत इंधन विमानात होते, इंजिनापर्यंत पोचले नाही. पायपर चेरोकीत डावी किंवा उजवी टाकी वैमानिकाने स्वतः निवडायची असते. बदलायचे विसरले की भरल्या टाकीसह इंजिन थांबते. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये ज्या विमानाच्या अपघातात गेले, त्यात टाकी निवडायची कळ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती. मांडणीतला असा दोष अक्षम्यच.

टाकीत खरोखर किती इंधन आहे हे कळावे म्हणून वैमानिक निव्वळ इंधनमापकाच्या काट्यावर विसंबत नाहीत. उड्डाणापूर्वी पंखावरचे झाकण उघडून मोजपट्टी बुडवतात. मग तळाच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढतात. निळसर पेट्रोलखाली पाण्याचा थेंब दिसला, तर तो निघून जाईपर्यंत पुन्हा काढतात.