प्रतिपिंडाची साक्ष व पेप्टाइडाची कसोटी

न्यायालयात साक्षीदाराचा शब्द उलटतपासणीवाचून ग्राह्य धरीत नाहीत. प्रयोगशाळेतही तोच नियम आहे. तेथील एका साक्षीदाराची उलटतपासणी कशी घेतात, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून देण्याचे येथे योजिले आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ होय. तीतील मण्यांच्या क्रमाचे महत्त्व आपल्या भंडारा जिल्ह्यास निराळे सांगावयास नको. रक्तातील हिमोग्लोबिनाच्या बीटा माळेत १४६ मणी असतात. पैकी सहावा एकच बदललेला असून तो दोष आईबाप दोघांकडूनही आला, म्हणजे मुलास सिकलसेल रोग जडतो.

आता दुसरी माळ पाहू. भोजनोत्तर रक्तात साखर वाढली, की इन्सुलिन पेशीच्या दाराशी येऊन निरोप देते. तो आत पोहोचविणाऱ्या प्रथिनांपैकी एकेटी नावाचे एक विकर आहे. त्याच्या पहिल्या प्रकारात ४८० मणी असतात. ते इतर प्रथिनांवर फॉस्फेटाची जणू मोहोर उमटविते. हा निरोप क्षीण होण्याचा मधुमेहाशी, व अनावर होण्याचा कर्करोगाशी संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थांत पेशींतील अशा निरोपांचा अभ्यास चालतो.

हे विकर डोळ्यांस दिसत नाही. सबब प्रतिपिंडाची साक्ष काढतात. एकेटीच्या माळेतील दहापंधरा मण्यांचा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, कृत्रिम रीतीने घडवितात. ही कृती अमेरिकेतील ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये सुलभ केली. तीबद्दल त्यांस १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तो तुकडा मोठ्या प्रथिनास जोडून सशास टोचला, म्हणजे सशाच्या रक्तात त्यास चिकटणारी प्रतिपिंडे उत्पन्न होतात. ती पेशींच्या नमुन्यावर सोडली असता जेथे चिकटतील, तेथे रंगाची अथवा प्रकाशाची खूण उमटविता येते.

परंतु ती भलत्याच प्रथिनास चिकटली नाहीत कशावरून? येथे ब्लॉकिंग पेप्टाइड, म्हणजे अडविणारा तुकडा, कामी येतो. नमुन्याचे दोन सारखे भाग करावे. एकावर केवळ प्रतिपिंडे सोडावी. दुसऱ्यावर सोडावयाची प्रतिपिंडे आधी त्याच पेप्टाइडाच्या विपुल द्रावणात मिसळून ठेवावी. कुलपात एक किल्ली अडकली असता दुसरी जात नाही, तद्वत् प्रतिपिंडाची चिकटण्याची जागा व्यापली जाते. दुसऱ्या भागावर खूण उमटली नाही, तर पहिल्यातील चिकटणे त्याच जागेने झाले होते असे समजावे. उमटली, तर ती खूण विश्वासार्ह नव्हे.

मात्र एवढ्याने साक्ष पुरी खरी ठरत नाही. एकेटीचे तीन प्रकार भावंडांसारखे मिळतेजुळते आहेत. तोच तुकडा दुसऱ्या भावंडात असेल, तर त्याचीही खूण तितकीच पुसली जाते. म्हणून ज्या पेशीतून त्या विकराचे जनुकच काढून टाकले आहे, तिच्यापुढेही हा साक्षीदार उभा करतात. तेथेही तो "आहे" म्हणाला, तर त्याचा भरवसा धरू नये.

खोट्या साक्षीवर चाललेला शोध वर्षानुवर्षे भलत्या वाटेने जातो, आणि औषधाची वाट पाहणारा रोगी तसाच तिष्ठत राहतो. यास्तव जे उत्तर आपणास हवेसे वाटते, त्याचीच परीक्षा अधिक कठोर घ्यावी, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.