घरातला जुना लेथ

धातूचा तुकडा स्वतःभोवती फिरवत ठेवायचा आणि घट्ट धरलेल्या धारदार टूलने त्याच्यावरचा पातळ थर सोलत न्यायचा, एवढेच लेथचे मूळ काम असले, तरी दंडगोल, शंकू, भोके आणि आटे ही बहुतेक यंत्रांना लागणारी रूपे त्यातूनच निघतात. कारखान्यातले हे यंत्र घरामागच्या शेडमध्ये नेऊन ठेवण्याची हौस ब्रिटनमध्ये विशेष रुजली. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाने वाफेवर खरोखर चालणारी छोटी इंजिने घडवणारा वाचकवर्ग तयार केला, आणि नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमधील मायफोर्ड कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर आणलेला ‘एमएल ७’ हा लेथ या वर्गात घरोघरी पोचला. सात इंच व्यासाचा आणि वीस इंच लांबीचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, सामावणारे हे यंत्र आजही जुन्या बाजारात हातोहात फिरते.

जुना लेथ पारखताना रंग आणि चकाकी यांना फारसा अर्थ नसतो. पाहायची ती झीज, आणि तीही कुठे झाली आहे हे. ज्याच्यावरून टूल वाहणारे सॅडल सरकते तो बिडाचा बेड चकजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांजवळ, सर्वाधिक झिजतो, कारण छोटी कामे तिथेच होतात. टेलस्टॉककडचे, म्हणजे चकसमोरचे दुसरे, टोक मात्र जवळजवळ कोरे राहते. त्यामुळे सॅडलचा ढिलेपणा चकपाशी काढून ते दुसऱ्या टोकाकडे नेले आणि वाटेत अडकू लागले, तर बेड झिजला आहे असे समजावे. ही झीज घालवायला बेड पुन्हा ग्राइंड करावा लागतो आणि तो खर्च अनेकदा यंत्राच्या किमतीलाही मागे टाकतो.

याउलट स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमधील ढिलेपणाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ‘एमएल ७’मध्ये व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची दुभागलेली बेअरिंगे असून त्यांच्या सांध्यातील पातळ पत्र्यांचे थर कमी केले की सैलपणा आवरता येतो. शिवाय लेथ सपाट नसलेल्या स्टँडवर आवळला गेला, तर बेडला सूक्ष्म पीळ बसतो आणि सरळ कापलेला दांडा एका टोकाला जाड निघतो. अशा वेळी पायाखाली पत्रा सरकवून पाहण्याआधीच यंत्राला झिजलेले ठरवणे हा अन्यायच.

टूल जॉबच्या आतबाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडचे चाक उलट फिरवताना थोडा वेळ काहीच हलत नाही, या रिकाम्या फिरण्याला बॅकलॅश म्हणतात. प्रत्येक काप एकाच दिशेने पुढे येऊन घेतला, तर त्याचा उपद्रव होत नाही. आटे पाडताना मात्र गिअरांचा पूर्ण संच हाताशी असावा लागतो, कारण सॅडल ओढणाऱ्या लीडस्क्रूला इंचात आठ आटे असतात आणि इंचात सोळा आटे हवे असतील, तर तो स्क्रू स्पिंडलच्या निम्म्या वेगाने फिरावा लागतो. मेट्रिक आट्यांसाठी १२७ दातांचे गिअर लागते, ते ५ इंच म्हणजे नेमके १२७ मिलिमीटर होतात म्हणून. ते नसल्यास जवळपासचे गुणोत्तर साधणाऱ्या दुसऱ्या गिअरांवर भागवता येते.

चकची किल्ली चकमध्ये विसरून मोटर सुरू करणे आणि हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जाणे, या दोन गोष्टी या छंदात कायमच्या वर्ज्य समजल्या जातात.

बाकी, या यंत्राचे खरे सुख असे, की त्याचे अनेक सुटे भाग त्याच्यावरच तयार होतात. क्रॉस स्लाइडचा झिजलेला ब्राँझचा नट बदलायचा असेल, तर नवा नट त्याच लेथवर कापता येतो; फक्त तो पुरा होईपर्यंत जुना, कितीही सैल असला तरी, काढता येत नाही.