अवकाशातले छायाचित्र कोणाच्या मालकीचे?

चंद्राच्या क्षितिजावर निळी पृथ्वी उगवत आहे, हे छायाचित्र तुम्ही पाहिले असेलच. समजा, कोणी पदरचे पैसे घालून अवकाशप्रवासाच्या इतिहासावर पुस्तक काढीत आहे. त्याला हे चित्र छापता येईल का? पृथ्वी तर सर्वांचीच! पण चित्रात काय आहे यावरून हक्क ठरत नाही; ते कोणी आणि कोणासाठी टिपले, यावरून ठरतो. यालाच स्वामित्वहक्क म्हणतात.

हे छायाचित्र २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ यानातून विल्यम अँडर्स यांनी घेतले. त्याचा क्रमांक एएस०८-१४-२३८३. यातील ०८ म्हणजे अपोलो-८, १४ हा फिल्मच्या डबीचा क्रमांक आणि २३८३ हा चित्राचा. अँडर्स अमेरिकन सरकारच्या सेवेत होते. अमेरिकेत सरकारी सेवकाने कामाचा भाग म्हणून घेतलेल्या छायाचित्रावर स्वामित्वहक्क नसतो. म्हणून नासाची बहुतेक चित्रे पुस्तकात विनामूल्य छापता येतात. मात्र चित्राखाली नासाचा उल्लेख करावा, आणि नासाने पुस्तकाची शिफारस केली आहे असे भासवू नये.

मग आपल्या इस्रोची चित्रेही अशीच मोकळी असतील? नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार सरकारी कृतींचा स्वामित्वहक्क सरकारकडे राहतो. प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे मोजायची. म्हणजे १९७५ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या सरकारी छायाचित्राचा हक्क २०३५ च्या अखेरीस संपेल. तोवर परवानगी हवी.

आता एक गमतीचे उदाहरण पाहा. केरळातील थुंबा येथे अग्निबाणाचे निमुळते टोक सायकलवरून नेले जात आहे, हे चित्र प्रसिद्ध आहे. ते इस्रोचे असावे, असे वाटते. पण ते १९६६ साली हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने घेतले. इस्रोची स्थापना तर १९६९ ची! त्याची परवानगी मॅग्नम या छायाचित्रसंस्थेकडे मागावी लागते. शिवाय या चित्राखाली पुष्कळदा थुंब्याच्या पहिल्या अग्निबाणाची हकिकत छापतात. तो तर २१ नोव्हेंबर १९६३ रोजीच उडाला होता. पाहा, मालक शोधायला निघालो आणि इतिहासातली चूक हाती लागली!

परवानगीच्या पत्रात चित्राचा क्रमांक, पुस्तकाचे नाव व भाषा, प्रतींची संख्या, आणि चित्र मुखपृष्ठावर येणार की आत, हे स्पष्ट लिहावे. संमती लेखी घ्यावी. उत्तर आले नाही, म्हणजे होकार मिळाला असे नव्हे.

तुमच्या शाळेच्या भित्तिपत्रकातही प्रत्येक चित्राखाली ते कोणी, कोठे व केव्हा घेतले, हे लिहून पाहा. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की ते चित्र नुसती शोभा न राहता इतिहासाचा पुरावा होते.