मजुरीचा दर वाढला म्हणजे कमाई वाढली?

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी लागली तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीचे हजारो मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले होते. काम थांबले, गाड्या थांबल्या आणि कित्येक जण लेकराबाळांसह पायीच गावाकडे निघाले. त्या काळातल्या मजुरीबद्दलचे काही समज आजही ऐकू येतात. पुढच्या संकटात मजुरांच्या वाट्याला काय येईल, हे अशाच समजांवर ठरते. म्हणून ते तपासायला हवेत.

गैरसमज : साथीत मजुरी उलट वाढली.
वस्तुस्थिती : १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेचा (रोहयो) रोजचा दर २०६ वरून २३८ रुपये झाला, हे खरे. पण २३८ रुपयांचा एक रोज बुडाला, तर वाढीव ३२ रुपयांतून तो भरून काढायला सात-आठ दिवस काम करावे लागते. इथे तर मिरचीचा हंगामच अर्धवट सुटला होता.

त्या वर्षी काही देशांत सरासरी वेतनही वाढलेले दिसले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या डिसेंबर २०२० च्या अहवालाने त्याचे कारण सांगितले : कमी पगाराचे लोक कामावरून गेले. समजा, पाच जणांना २०० आणि पाच जणांना १००० रुपये रोज मिळतो. सरासरी ६००. २०० वाल्यांपैकी तिघांचे काम गेले, की उरलेल्यांची सरासरी ७७१ होते. कोणाच्याही हातात एक रुपया जास्त पडलेला नसतो.

गैरसमज : साथीने सगळ्यांना सारखेच झोडपले.
वस्तुस्थिती : श्रम संघटनेच्या याच अहवालात युरोपातील २८ देशांचा अंदाज आहे. सरकारी वेतन-अनुदान नसते, तर २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत स्त्रियांचे ८.१ टक्के आणि पुरुषांचे ५.४ टक्के वेतन बुडाले असते. सर्वांत कमी पगाराच्या निम्म्या कामगारांचे तर १७.३ टक्के. मिरची तोडणाऱ्या बाईला असे अनुदान कुठले? तोडा थांबला की मजुरी थांबली.

गैरसमज : जंगलातल्या माणसाला जंगल पोसते, त्याला टाळेबंदीची झळ कशी लागणार?
वस्तुस्थिती : मोहफूल आणि तेंदूपान ही इथली रोख कमाई. मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो. वनोपज गोळा करायला केंद्राने सूट दिली १६ एप्रिलला. मोहफुलाचा हमीभाव किलोला १७ वरून ३० रुपये झाला १ मे रोजी. तोवर आठवडी बाजार बंद होते, आणि हातात पैसा नसलेले घर चांगल्या भावाची वाट पाहू शकत नाही. तेंदूची मजुरी सत्तर पानांच्या पुडक्यांवर मोजली जाते; हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. बिडी कारखाने बंद पडले की त्या पानांची मागणीही अडते.

गैरसमज : किमान वेतनाचा कायदा आहे, म्हणजे ते मिळतेच.
वस्तुस्थिती : भारतात असा कायदा १९४८ पासून आहे. तरी श्रम संघटनेच्या त्याच अहवालाच्या हिशेबाने जगात २६.६ कोटी कामगारांना किमान वेतनाहून कमी मिळत होते : कुठे कायदा लागू नव्हता, कुठे पाळला जात नव्हता. नगावर किंवा किलोवर मजुरी घेणाऱ्याला आपला रोज किती पडला, हे कळणेही अवघड.

म्हणून सरकारने नुसता वाढीव दर जाहीर करून भागत नाही. गावात किती दिवस काम निघाले, रोहयोची मजुरी कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत मिळाली का आणि त्यातली किती बायकांच्या हाती आली, याचा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांनी २००९ मध्ये वनहक्क मिळवून जंगलाचा हिशेब स्वतःकडे घेतला. मजुरीचा हिशेबही तसाच गावाने मागायला हवा.