घरातील पहिला पदवीधर

आपल्याच शाळेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला एक विद्यार्थी मला मध्यंतरी मुरगाव बंदरावर मजुरी करताना भेटला. महाविद्यालयात पहिल्याच वर्षी तो एका विषयात नापास झाला होता. त्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते, हे त्याला सांगणारे घरी कोणी नव्हते. त्याने शिक्षणच सोडले. त्या दिवसापासून कर्मवीर भाऊराव पाटील यांचे कार्य मला अधिक उमगले.

फी माफ झाली की गरिबाचा मुलगा पदवीधर होतो, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु दोन वेळचे जेवण, अभ्यासाला जागा आणि अडचण विचारता येईल असे जाणते माणूस या तीन गोष्टीही तितक्याच आवश्यक असतात. स्वतः मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांनी हे नेमके ओळखले होते. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांसाठी दिले.

पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी श्रम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. त्यामुळे घरावर भार पडत नसे आणि दुसऱ्याच्या दयेवर शिकत असल्याची लाजही वाटत नसे. याच संस्थेत वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, संस्थेतच अध्यापक म्हणून परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वाट चालून गेलेला माणूस मागून येणाऱ्यांना वाट दाखविण्यासाठी परत आला, हेच या कार्याचे खरे फळ होय.

आपल्या गोमंतकात १९६१ पूर्वी पदवीसाठी पुष्कळांना मुंबई, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे. १९६२ साली पणजी व मडगाव येथे महाविद्यालये निघाली, १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले. आज मुरगाव तालुक्यातही झुआरीनगरला महाविद्यालय आहे. अंतराची अडचण सरली. परंतु जाणत्या माणसाची उणीव अनेक घरांत अजून तशीच आहे.

म्हणून तुम्हांला एवढेच सांगणे आहे. महाविद्यालयात गेल्यावर अडखळलात, तर निर्णय घेण्यापूर्वी एकदा शाळेची पायरी चढा. येथे विचारण्यात कमीपणा नाही. आणि पदवी हाती आली, की आपल्या वाड्यावरील एका तरी धाकट्या मुलाचा प्रवेश-अर्ज त्याच्याशेजारी बसून भरून द्या.