नव्या अंगणातला गुलाबाचा काटा

आमच्या गावाची वस्ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावठाण सोडून माळाकडे सरकली. वाड्यातल्या दोन खोल्यांत संसार झाला, मुले शिकून बाहेरगावी गेली आणि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या फंडातून दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर टुमदार बंगली उभी राहिली, अशी कितीतरी कुटुंबे माझ्या ओळखीची आहेत. वास्तुशांत होते, तुळशीवृंदावन बसते आणि त्यानंतर फाटकाजवळ हमखास येतो तो गुलाब. आयुष्यभर डालड्याच्या डब्यात एखादे रोप जगवलेल्या माणसाला स्वतःची हातभर जमीन मिळाली, की तो आधी गुलाबच लावतो.

आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक असेच. गाव त्यांना गुरुजी म्हणते, आपणही तसेच म्हणू. अक्षय तृतीयेला ते नव्या घरी राहायला गेले. पहिले दोन महिने काही ठीक गेले नाहीत. बाई माझ्याकडे झोप येत नाही म्हणून आल्या होत्या. "वाड्यात भाजी निवडायला चारजणी असायच्या, डॉक्टर. इथं दिवसभर कुकरची शिट्टी आपली आपणच ऐकायची," असे म्हणाल्या. या तक्रारीवर माझ्याजवळ गोळी नव्हती. उतारवयात घर बदलणे हे शरीरालाही सोसावे लागते. झोप उडते, भूक मंदावते, रात्री उठल्यावर न्हाणीघराची वाट चुकते आणि माणूस पडतो. नव्या घरात पहिले काही दिवस रात्री एक लहान दिवा चालू ठेवावा, हे मी सर्वांनाच सांगतो.

पावसाळा सुरू झाला आणि गुरुजींनी रोपवाटिकेतून डोळा भरलेली बारा रोपे आणली. दोन-दोन फुटांचे खड्डे, त्यांत निम्मे कुजलेले शेणखत, किमान सहा तास ऊन मिळेल अशी पूर्वेची बाजू, सगळे शास्त्रशुद्ध! सकाळी उठून तासभर खुरपणे, पाणी घालणे, वाकणे-उठणे सुरू झाले. गुरुजींना मधुमेह होता. मी दहा वर्षे 'फिरायला जा' म्हणून सांगत होतो. ते काम बारा रोपांनी केले. फुले दिसू लागली तशा येणाऱ्या-जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबू लागल्या. "हे कुठलं हो?" "ग्लॅडिएटर." एवढ्या बोलण्यावर ओळखी झाल्या. बाईंना झोप लागू लागली. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कोणी रोपे उपटून टाकू नयेत, ही आधीच विनंती.

आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात होते. वाळक्या, आजारी, आत वळलेल्या फांद्या काढायच्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरासा वर तिरपा काप घ्यायचा. कापलेल्या तोंडाला बुरशीनाशक लावायचे. साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो. आणखी एक काम असते. कलम जिथे बांधले त्याच्या खालून, म्हणजे खुंटातून, फूट येते. ती राहू दिली तर खुंटच माजतो आणि वरचा चांगला गुलाब मरतो. गुरुजी ही खुंटाची फूट उघड्या हाताने ओढून काढत होते. उजव्या अंगठ्याच्या पेरात काटा खोल शिरला आणि मोडला. त्यांनी टाचणीने तो उकरून काढला, हळद दाबली, चिंधी बांधली आणि त्याच हाताने उरलेल्या आळ्यांत शेणखत मिसळले.

दुसऱ्याच दिवशी कोजागिरी. मी सपत्नीक त्यांच्याकडे दूध प्यायला गेलो होतो. अंगठ्याची चिंधी मी पाहिली. "काय गुरुजी, गुलाबाचा प्रसाद का?" असे विचारले. सगळे हसले. मी केशरी दुधाचा दुसरा पेला घेतला आणि घरी आलो. पस्तीस वर्षे वैद्यकी केलेल्या माणसाने तिथे एकच प्रश्न विचारायला हवा होता, 'धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले?' तो मी विचारला नाही. हे इथे लिहायला मला आनंद होत नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. "ह्यांची दाढ दुखतेय बहुतेक, तोंड नीट उघडत नाही. कालपासून भाकरी चावता येईना." गुरुजी दाताच्या डॉक्टरांकडे निघाले होते. मी त्यांना आधी माझ्याकडे बोलावले. जबडा लाकडासारखा घट्ट, मान ताठ, पोट कडक आणि चेहऱ्यावर एक विचित्र ओढलेले हसू. अंगठ्याची जखम तोवर जवळजवळ भरून आली होती. मी त्यांना त्याच गाडीतून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. संध्याकाळी पहिला झटका आला.

वाचकहो, धनुर्वात हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याची नीट माहिती फार थोड्यांना असते. सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो लोखंडाने होतो. गंजलेला खिळा लागला तर लोक धावत इंजेक्शनाला येतात. काटा लागला तर हळद लावतात. वास्तविक गंजाचा यात काही संबंध नाही. या रोगाचे जंतू बीजरूपाने मातीत, धुळीत आणि जनावरांच्या शेणा-लिदीत असतात. ती बीजे इतकी चिवट, की वर्षानुवर्षे मातीत तग धरतात आणि नुसते पाणी उकळून मरत नाहीत. मात्र वाढायला त्यांना हवेचा अभाव लागतो. म्हणून मोठी, वाहती, उघडी जखम पुष्कळदा निभावते आणि सुईएवढे खोल, वरून मिटलेले छिद्र घात करते. गुलाबाचा काटा, खाली शेणखत घातलेली माती आणि वर घट्ट चिंधी! त्या जंतूला याहून सोयीचे घर आपण बांधून देऊ शकणार नाही.

जखमेत वाढलेल्या जंतूंचे विष मज्जातंतूंतून वर चढते. काटा लागल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा तीन दिवस ते तीन आठवडे जातात. तोवर माणूस तो काटा विसरलेला असतो. आधी दातखीळ, मग मान, पाठ आणि शेवटी सगळे शरीर धनुष्यासारखे वाकवणारे झटके. दार आपटले, दिवा लावला, एवढ्यानेही झटका येतो. आणि या सगळ्यात रोगी पूर्ण शुद्धीवर असतो! गुरुजी मला पुढे म्हणाले, "डॉक्टर, वाचा गेली होती, पण मला सगळं ऐकू येत होतं. नर्स चपला काढून चालायच्या, ते मी मोजत होतो." चढलेले विष उतरवणारे औषध नाही. मोकळ्या विषाला मारणारी प्रतिद्रव्ये देतात, झटके थांबवतात, श्वास चालू ठेवतात आणि मज्जातंतू पूर्ववत होईपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहतात. वय झालेल्या माणसाला यातून बाहेर येणे कठीण जाते. गुरुजी आले.

आता हिशेबाची गोष्ट. आपल्या देशात मुलांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. म्हणजे आज जे पन्नाशीच्या पलीकडे आहेत, त्यांतल्या अनेकांना लहानपणी धनुर्वाताच्या लसीचे पूर्ण डोस मिळालेलेच नाहीत. बायकांना निदान गरोदरपणात इंजेक्शने मिळाली. पुरुषांना कधीतरी पाय कापला तेव्हाचे एखादे आठवते. आणि नेमके याच वयात हातात खुरपे येते. लसीचे संरक्षण जन्मभर टिकत नाही. दर दहा वर्षांनी एक डोस हवा, आणि माती लागलेली किंवा खोल जखम असेल व शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल, तर तेव्हाही एक घ्यावा. ज्याने कधीच घेतले नाही त्याला तीन डोस लागतात: पहिला, चार आठवड्यांनी दुसरा आणि सहा ते बारा महिन्यांनी तिसरा. अशा माणसाला मातीची जखम झाली, तर लसीचा परिणाम होईपर्यंत थांबता येत नाही. त्याला तयार प्रतिद्रव्याचे वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. म्हणून डॉक्टरांना 'एक टीटी मारा' एवढेच न सांगता पूर्वी किती घेतली ते सांगा. नुसत्या टीटीऐवजी आता टीडी मिळते. तिने घटसर्पापासूनही संरक्षण होते. चोवीस तास उलटले, आता काय उपयोग, असे समजून घरी बसू नका. उशिरा घेतलेलीही बरी. उलट काही मंडळी दर ओरखड्याला इंजेक्शन मागतात, तेही नको. दंड सुजण्यापलीकडे काही मिळत नाही. तारीख कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

जखम झाल्याबरोबर करायचे काम याहून सोपे आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पाच-दहा मिनिटे धुवा. काटा दिसत असेल तर स्वच्छ चिमट्याने काढा. आत मोडला असेल तर टाचणीने उकरू नका. हळद, चुना, तंबाखू, चहापूड यांपैकी काहीही भरू नका. मधुमेह असलेल्यांनी तर छाटणीनंतर बागेत अनवाणी फिरूच नये. पायाची संवेदना कमी झालेल्याला काटा रुतल्याचे कळतदेखील नाही. मोजा रक्ताने भिजल्यावर कळते.

काट्यातून दुसरा एक आजार होतो, तो मात्र संथ आहे. बोटावर न दुखणारी गाठ येते, फुटते, मग आठवड्यांनी तशाच गाठी हातावर ओळीने वर चढत जातात. ही बुरशी अमेरिकेत बाल्टिमोर इथे बेंजामिन शेंक या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८९८ साली वर्णन केली. इंग्रजीत तिला गुलाबमाळ्यांचा आजार असेच नाव पडले आहे. आपल्या देशात ती हिमालयाच्या पायथ्याकडे अधिक आढळते. इकडे क्वचित, पण नेहमीच्या प्रतिजैविकांनी बरी न होणारी गाठींची रांग दिसली तर डॉक्टरांना 'मी गुलाब लावतो' हे जरूर सांगा. औषध आहे, महिनोनमहिने घ्यावे लागते एवढेच.

पेनिसिलिनच्या इतिहासातही गुलाबाचा काटा येतो. इंग्लंडमधला पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर हा इंजेक्शनच्या रूपाने पेनिसिलिन मिळालेल्या अगदी पहिल्या आजारी माणसांपैकी एक. चेहऱ्यावरची लहानशी जखम चिघळून त्याचा एक डोळा गेला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्याला औषध सुरू झाले आणि तो झपाट्याने सुधारला. पण साठा इतका थोडा, की त्याच्या लघवीतून औषध परत गाळून काढून पुन्हा टोचले. पाच दिवसांत तेही संपले. १५ मार्चला तो वारला. ती जखम गुलाबाच्या काट्याची, असे अनेक वर्षे पुस्तकांत छापून आले. पुढे त्याच्या घरच्यांकडून कळले, की ती बॉम्बहल्ल्यात झाली होती. बिचाऱ्या गुलाबावर आळ आला खरा, पण लहान जखम माणूस नेऊ शकते यावर तेव्हा कोणाला शंका आली नाही, हेही खरेच.

फवारणीबद्दल थोडक्यात. शेतात उरलेले जहाल कीटकनाशक घरच्या गुलाबावर मारण्याची पद्धत वाईट. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून किती शेतकरी दगावले ते आपण वाचले आहे. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही जातो. औषध मारलेल्या फुलांचा गुलकंद करू नये आणि ती फुले नातवंडांच्या हातात देऊ नयेत. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा घासून कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. शेजारी नवे बांधकाम चालू असेल तर तिथल्या पाण्याच्या हौदाकडेही लक्ष असू द्या.

गुरुजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी आले. काठी होती, वजन अकरा किलोंनी उतरले होते. छाटणीनंतरचा बहर तोवर आला होता. मधल्या दिवसांत शेजारच्या बायकांनी पाळीपाळीने पाणी घातले होते. धनुर्वात होऊन गेला तरी अंगात प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे त्यांनाही लसीचे पुढचे डोस घ्यावेच लागले. पुढच्या डोसाला ते बाईंनाही घेऊन आले. बाईंचा शेवटचा डोस धाकट्या मुलाच्या वेळचा, तो मुलगा आता अडतीस वर्षांचा आहे. त्यांना टोचून झाल्यावर गुरुजींनी विचारले, "आणि डॉक्टर, तुमचं?" मी जुनी वही काढली. तेरा वर्षे झाली होती. मग कंपाउंडरने मलाही टोचले, आणि बाईंनी पिशवीतून आणलेले तीन ग्लॅडिएटर माझ्या टेबलावर ठेवले. देठांचे काटे त्यांनी घरीच काढून आणले होते.